लिफ्टमध्ये न चढलेली स्त्री आणि दुखावलेला सज्जन माणूस

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण ठाण्यातल्या एका मोठ्या गृहसंकुलात राहता आणि दुसरी पाळी संपवून रात्री साडेअकराच्या सुमारास घरी पोहोचता. गेल्या आठवड्यात आपण एका अनोळखी बाईंसाठी लिफ्टचे दार धरून ठेवले. त्यांनी आपल्याकडे पाहिले, ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणाल्या आणि मोबाइल कानाला लावून बाजूला उभ्या राहिल्या. आपण चिडून ‘मी काय खाऊन टाकणार आहे का?’ असे बोललात आणि वर गेलात. ज्याने कधी कोणा स्त्रीकडे वाकड्या नजरेने पाहिले नाही त्याच्यावर असा संशय घेणे अन्याय नाही का, आणि एखाद्या जातीच्या किंवा धर्माच्या सर्वांना गुन्हेगार समजणे चूक असेल तर सर्व पुरुषांना तसे समजणे बरोबर कसे, असे आपण विचारता.

मी समुपदेशक आहे. हिंसेला तोंड दिलेल्या स्त्रियांबरोबर आणि महाविद्यालयांतल्या तरुण मुलांच्या गटांबरोबर मी बरीच वर्षे काम करते आहे. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक गटात निघतो, आणि तो विचारणारा बहुतेक वेळा सरळ मनाचा माणूस असतो. ज्याच्या मनात खरोखर काही वाईट असते त्याला असा अपमान फारसा बोचत नाही. त्यामुळे आपल्याला झालेला त्रास मी खरा मानते.

त्या बाईंनी त्या क्षणी नेमके काय केले, ते आधी पाहू. त्यांनी आपल्याला काही म्हटले नाही, कोणाला हाक मारली नाही, आपली तक्रार केली नाही. एका बंद, लहानशा जागेत, रात्री, ज्याच्याविषयी काहीच माहिती नाही अशा माणसाबरोबर जायचे की नाही हे त्यांना दोन-तीन सेकंदांत ठरवायचे होते. आपण सज्जन असूनही त्या थांबल्या, तर त्यांचे दोन मिनिटे जातात आणि आपले मन दुखावते. आपण तसे नसतात आणि त्या चढल्या असत्या, तर त्याचे परिणाम त्यांना जन्मभर भोगावे लागले असते. दोन चुकांची किंमत इतकी विषम असते तेव्हा शहाणा माणूस स्वस्त चूक पत्करतो, मग शक्यता कितीही कमी असो. रात्री दार वाजले की आपणही साखळी तशीच ठेवून दार किलकिले करतो. बाहेरचा माणूस चोर आहे असा निवाडा आपण दिलेला नसतो आणि बाहेरचा माणूसही त्यावर रागावत नाही.

आता ही सावधगिरी येते कुठून? पुष्कळ पुरुषांना वाटते, की ती वर्तमानपत्रांतल्या भीषण बातम्यांमुळे येते. बातम्यांचा वाटा आहे, पण माझ्या अनुभवात तो दुय्यम आहे. मुलींच्या गटात पहिला प्रसंग कधीचा असे विचारले, की बहुतेकींची आठवण शाळेच्या वयातली निघते: गर्दीच्या बसमध्ये मागून लागलेला हात, क्लासहून येताना सायकलजवळून गेलेला आणि काहीतरी पुटपुटलेला माणूस, जत्रेतला धक्का, पुलाच्या जिन्यावर मुद्दाम अडवून उभा राहिलेला कोणीतरी. यांतल्या फारच थोड्या गोष्टी घरी सांगितल्या जातात, कारण सांगितले की क्लास बंद होईल ही भीती असते. पोलिसांपर्यंत तर जवळजवळ काहीच जात नाही. त्यामुळे ज्या पुरुषाला हे कोणी सांगितले नाही त्याला हे सगळे घडतच नाही असे वाटते. त्याच्या आईला, बहिणीला, बायकोला ते माहीत असते, पण त्याच्यासमोर त्याचा विषय निघालेला नसतो.

या अनुभवांतून ज्या सवयी लागतात त्या इतक्या अंगवळणी पडतात, की स्त्रियांनाही त्या सवयी वाटत नाहीत. बॅग पाठीवरून काढून छातीशी धरणे, बसमध्ये कोपर बाहेर काढून उभे राहणे, रिक्षात बसताना नंबराचा फोटो काढून घरच्या गटावर टाकणे, फलाटावर दुसरी बाई जिथे उभी असेल तिथे जाऊन उभे राहणे, पलीकडे कोणी नसताना फोनवर ‘हो, पोहोचतेच आहे’ असे मोठ्याने बोलणे, एकटी राहत असल्यास दाराबाहेर पुरुषाच्या चपला ठेवणे. आपल्या बाईंनी फोन कानाला लावला तो बहुधा याच यादीतला होता. मुंबईच्या व्यवस्थेनेही ही गरज केव्हाच मान्य केली आहे: लोकलमध्ये महिलांचे वेगळे डबे आहेत, १९९२ साली पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ महिलांसाठीची लोकल सुरू केली, आणि रात्रीच्या वेळी महिलांच्या डब्यात पोलीस किंवा होमगार्ड उभा असतो. त्या डब्याकडे पाहून कोणी पुरुष ‘माझा अपमान झाला’ असे म्हणत नाही. एकटी स्त्री स्वतःपुरता तसाच निर्णय घेते तेव्हा मात्र तो व्यक्तिगत लागतो.

केनेथ फेरारो या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात दाखवून दिले, की स्त्रियांना चोरी, घरफोडी, लूट अशा इतर गुन्ह्यांचीही पुरुषांपेक्षा जास्त भीती वाटते, आणि त्यामागे लैंगिक हल्ल्याच्या भीतीची सावली असते. चोर घरात शिरला तर पुरुषाला चोरीचीच चिंता असते, स्त्रीला त्यापलीकडच्या शक्यतेचीही असते. रस्त्यावरच्या मारहाणीत पुरुष जास्त सापडतात हे खरे असूनही रात्रीचा रस्ता स्त्रियांना अधिक का छळतो, याचे उत्तर यात बरेचसे सापडते.

आपण असेही लिहिता, की त्या निदान हसून बोलू शकल्या असत्या. यावर थोडे थांबून विचार करावा असे मला वाटते. १९८२ साली अँटोनिया अ‍ॅबी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक साधा प्रयोग केला. एक तरुण आणि एक तरुणी काही मिनिटे गप्पा मारत, आणि दुसरा एक तरुण व दुसरी एक तरुणी त्या लपून पाहत. तरुणीचे जे वागणे पाहणाऱ्या तरुणीला निव्वळ मनमोकळे वाटे, त्यात तरुणांना लैंगिक रस दिसे. आपल्याकडे यासाठी प्रयोगाचीही गरज नाही. ‘हसली म्हणजे फसली’ हे वाक्य महाविद्यालयाच्या कट्ट्यावर आजही ऐकू येते. ज्या समाजात हसण्याचा असा अर्थ लावला जातो, तिथे अनोळखी पुरुषाशी कोरडेपणाने वागणे ही स्त्रीने शिकलेली भाषा आहे. ती आपल्यासारख्यांना लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते, पण ती भाषा तिने आपल्यासाठी तयार केलेली नाही.

मग ती सरळ ‘मला सोबत नको’ असे का सांगत नाही, असेही पुरुष विचारतात. कारण नकार देणेही निर्धोक नसते. १९९० साली उल्हासनगरमध्ये दहावीच्या परीक्षेच्या वर्गात एका मुलीला पेटवून दिले गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवले गेले. जून २०२३ मध्ये पुण्यात सदाशिव पेठेत एका तरुणीच्या मागे कोयता घेऊन धावलेल्या मुलाला रस्त्यावरच्या तरुणांनी अडवले म्हणून ती वाचली. हे पुरुष त्या मुलींना अगदी अनोळखी नव्हते, परंतु प्रत्येक घटनेतून महाराष्ट्रातल्या मुली एकच गोष्ट शिकल्या, की नकार ऐकून कोणता पुरुष काय करील याचा भरवसा देता येत नाही. कायदा मात्र तिच्याकडून स्पष्टतेची अपेक्षा करतो. २०१३ साली भारतीय दंड संहितेत आलेले आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये असलेले पाठलागाचे कलम, स्त्रीने नापसंती स्पष्टपणे दर्शवल्यानंतरही पुन्हा पुन्हा संपर्क साधणाऱ्याला लागू होते. म्हणजे स्पष्ट बोलावे तर राग ओढवण्याचा धोका, आणि न बोलावे तर ‘तिने कुठे नाही म्हटले?’ हा प्रश्न. फोन कानाला लावून बाजूला होणे हा या दोहोंमधला मार्ग आहे.

तिने विश्वास ठेवला आणि काही घडले, तर दोष कोणाला मिळतो? १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या घटनेतली तरुणी मित्राबरोबर होती आणि बसमध्ये चढली होती. तरीही ती त्या वेळी बाहेर का होती येथपासून तिने हल्लेखोरांना भाऊ म्हणून विनवायला हवे होते येथपर्यंत सर्व काही जाहीरपणे बोलले गेले. २२ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईत शक्ती मिलच्या आवारात हल्ला झालेली छायाचित्रकार पत्रकार कामावर होती, सहकाऱ्याबरोबर होती आणि वेळ संध्याकाळची होती. तिच्याविषयीही ‘अशा ठिकाणी जायचेच कशाला’ हा प्रश्न निघाला. विश्वास ठेवला तर मूर्ख आणि नाही ठेवला तर उद्धट, अशी ही कोंडी आहे.

आकडेवारी जाणणारे लोक येथे एक रास्त आक्षेप घेतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी स्त्रीच्या ओळखीचा असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, १८ ते ४९ वयोगटातल्या विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालेल्या ‘दिलासा’ या समुपदेशन केंद्राची उभारणी प्रामुख्याने घरातल्या हिंसेसाठीच झाली. मग अनोळखी माणसालाच का भ्यायचे? हा आक्षेप खरा आहे, आणि माझ्या कामाचा मोठा भाग घरातल्या धोक्याविषयीच बोलण्यात जातो. परंतु नोंदलेल्या बलात्कारांची टक्केवारी बसमधल्या हाताबद्दल, गल्लीतल्या पाठलागाबद्दल काही सांगत नाही, आणि तिथे करणारा बहुधा अनोळखीच असतो. शिवाय ओळखीच्या माणसापासून सावध राहण्यासाठी तिला अख्खे घर, नाते, नोकरी पणाला लावावी लागते. अनोळखी माणसापासून सावध राहायला दोन पावले मागे सरणे पुरते. जी सावधगिरी तिच्या हातात आहे तीच ती बाळगते. घरातला धोका मोठा आहे म्हणून बाहेरची काळजी खोटी ठरत नाही.

आता आपला सर्वात वजनदार मुद्दा. जातीवरून वा धर्मावरून संशय घेण्यापेक्षा हे वेगळे कसे? माझ्या मते बहुतांशी वेगळे आहे, आणि काही बाबतींत नाही. वेगळे अशासाठी, की जातीय संशय दुसऱ्याकडून काहीतरी काढून घेतो: घर, नोकरी, विहीर, मंदिर. त्या बाईंनी आपल्याकडून काहीच काढून घेतले नाही. लिफ्ट आपल्याला देऊन त्या स्वतः थांबल्या. तो संशय बलवान गट दुबळ्या गटाविषयी बाळगतो आणि त्याला दडपून ठेवण्यासाठी वापरतो; येथे ज्याच्याकडे त्या जागेत शारीरिक आणि सामाजिक बळ अधिक आहे त्याच्यापासून कमी बळ असलेली व्यक्ती दूर राहते आहे.

पण वेगळे नसते तेव्हाही स्पष्ट बोलले पाहिजे. घरपोच सामान आणणारा मुलगा, रिक्षावाला, रखवालदार, परप्रांतातून आलेला मजूर, मुस्लिम तरुण यांच्यावर ही भीती सर्वात आधी आणि सर्वात कठोरपणे उतरते, आणि इस्त्रीचे कपडे घातलेला, मराठी बोलणारा, गळ्यात कंपनीचे ओळखपत्र अडकवलेला पुरुष तिच्यातून सहज सुटतो. माझ्याकडे आलेल्या कित्येक स्त्रियांना त्रास दिला तो अशाच सुटलेल्या माणसाने. मोठी घटना घडली की ‘बाहेरच्यांना हाकला’ ही मागणी होते, आणि स्त्रियांच्या सुरक्षिततेच्या नावाखाली दुसरेच कोणाचे तरी भांडण लढले जाते. म्हणून मी मुलींना सांगते, की माणसाच्या कपड्यांपेक्षा, भाषेपेक्षा आणि आडनावापेक्षा त्याच्या वागण्याकडे पाहा: तो अंतर राखतो का, नाही म्हटल्यावर थांबतो का, एकटे गाठण्याचा प्रयत्न करतो का. स्वतः दूर होणे हा तुमचा हक्क आहे. पुराव्यावाचून एखाद्या पोऱ्याला चोर किंवा लंपट ठरवून कामावरून काढायला लावणे हा अन्याय आहे.

आपल्या रागाकडे येते. त्या दोन-तीन सेकंदांत आपल्याला आधी लाज वाटली असणार आणि ती लगेच रागात बदलली. हे अत्यंत मानवी आहे. क्लॉड स्टील या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात मांडले, की ‘मी चांगला माणूस आहे’ या आपल्या समजुतीला धक्का बसला, की माणूस समोरची माहिती तपासण्याऐवजी ती समजूत वाचवायला धावतो. ‘सगळे पुरुष तसे नसतात’ हे वाक्य त्या धावपळीतून येते. ते खरे आहे, आणि कोणतीही स्त्री ते नाकारत नाही, कारण तिच्या आयुष्यात चांगले पुरुष असतातच. पण ‘माझ्याबाबतीत असे घडले’ असे ती सांगत असताना हे वाक्य उच्चारले, की बोलणे तिच्या अनुभवावरून उठते आणि आपल्या चारित्र्यावर येऊन बसते. मग तिलाच आपली समजूत काढावी लागते. काही पुरुष दुसऱ्या टोकाला जातात आणि ‘यापुढे कोणत्याच बाईला मदत करणार नाही, उद्या खोटी तक्रार केली तर?’ असे म्हणतात. पण ज्या सावधगिरीचा त्यांना राग येतो, तीच ते स्वतः करू लागलेले असतात, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

मुलांच्या गटात यावर वाद घालणे मी सोडून दिले आहे. मी त्यांना एकच काम देते: तुमची बहीण रात्री अकराला कुर्ल्याहून एकटी घरी येणार आहे, तिला काय सांगाल ते लिहा. फळा पाहता पाहता भरतो. बायकांच्या डब्यातच बस. डबा रिकामा असेल तर पुढच्या स्टेशनवर बदल. कोणी बोलायला आले तर उत्तर देऊ नकोस. शेअर रिक्षात फक्त पुरुष असतील तर बसू नकोस. लिफ्टमध्ये अनोळखी माणूस असेल तर थांब. फोन चालू ठेव. एकाही मुलाने आजवर ‘समोरचा चांगला असू शकतो, त्याला वाईट वाटेल’ असे लिहिलेले नाही. फळा भरल्यावर मी विचारते, की या सूचना पाळणारी दुसऱ्या कोणाची तरी बहीण उद्या तुम्हाला भेटली तर? त्यानंतर जी शांतता पसरते ती मला फार आशादायक वाटते. त्या शांततेनंतर कधी कधी एखादा मुलगा सांगतो, की लहानपणी गर्दीच्या लोकलमध्ये त्यालाही एका माणसाने हात लावला होता आणि त्याने ते कोणाला सांगितले नाही. मुंबईत १९९३ पासून स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध पुरुषांबरोबर काम करणाऱ्या ‘मावा’सारख्या संस्थांनी हे फार आधी ओळखले, की पुरुषाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून काही साधत नाही आणि त्याला या प्रश्नाबाहेर ठेवूनही साधत नाही.

आपल्या प्रश्नाचे माझे खरे उत्तर असे आहे. स्त्री थांबते तेव्हा तिला आपल्याविषयी काहीच माहीत नसते, आणि तिच्या थांबण्यावर आपण काय करता ही तिला मिळणारी पहिली खरी माहिती असते. जो तिचे थांबणे सहज मान्य करतो, त्याने न बोलता सांगितलेले असते, की तिचा नकार त्याला चालतो. जो रागावतो, समजावत बसतो, टोमणा मारतो, त्याच्याविषयी तिने जो धोका गृहीत धरला होता तो तिला आता अधिक खरा वाटू लागतो. त्रास देणारे पुरुषही याच गोष्टींनी सुरुवात करतात: ‘घाबरतेस काय?’, ‘मी तसा नाही’, ‘एवढा कसला भाव खातेस?’ आपला हेतू त्यांच्यासारखा मुळीच नाही, पण त्या रात्री आपले वाक्य त्यांच्या वाक्याच्या शेजारी जाऊन बसले.

व्यवहारात करण्याजोगे फार थोडे असते. लिफ्टपाशी कोणी बाई घुटमळली तर ‘तुम्ही जा, मी पुढच्या फेरीला येतो’ एवढेच म्हणावे, किंवा काही न बोलता वर निघून जावे. रात्री रस्त्यात एखादी स्त्री पुढे चालत असेल आणि आपली चाल भरभर असेल, तर मागून झपाट्याने गाठण्यापेक्षा रस्ता ओलांडून पलीकडून पुढे जावे. मदत करायची असेल तर जवळ न जाता, थोड्या अंतरावरून एकदा विचारावे आणि ‘नको’ आल्यास तिथेच सोडावे. ‘ताई, मी चांगल्या घरातला आहे’ असे सांगू नये; त्या क्षणी तिला चांगल्या घराची खात्री करून घेता येत नाही. त्या बाईंची क्षमा मागावी का, असेही आपण विचारले आहे. त्यांच्या दाराशी मुळीच जाऊ नका आणि त्यांचा नंबर मिळवून संदेशही पाठवू नका. कधी चार माणसांत ओळख झाली तर ‘त्या दिवशी मी उगाच बोललो’ एवढे एक वाक्य पुरे.

याहून उपयोगाचे काम आपण संकुलाचे सभासद म्हणून करू शकता. पुष्कळ इमारतींत लिफ्टची दारे आतले काही दिसणार नाही अशी असतात, जिन्यातले दिवे महिनोन्‌महिने बंद पडलेले असतात, आणि वाहनतळापासून लिफ्टपर्यंतचा पट्टा अंधारात असतो. दाराला काचेची पट्टी, आत चालू स्थितीतले आणीबाणीचे बटण, जिन्यात दिवे आणि रात्रपाळीच्या रखवालदाराची खुर्ची लिफ्ट दिसेल अशा जागी, एवढ्या गोष्टी सर्वसाधारण सभेच्या एका ठरावात बसतात. ठराव मांडण्याआधी संकुलातल्या स्त्रियांना, आणि त्यात घरकामाला येणाऱ्या बायकाही आल्या, रात्री त्या कोणता रस्ता टाळतात आणि कुठे थांबून राहतात हे विचारून घ्या. ही चौकशी आपण एकट्याने दारोदार जाऊन न करता समितीतल्या एखाद्या महिला सभासदाकडे सोपवा, म्हणजे उत्तरे मोकळेपणाने येतील.